दोन चटयांच्या खोलीतला माणूस

माचा हा शब्द आमच्या आजीच्या मराठीत आधीपासून होताच. तिच्यासाठी माचा म्हणजे अंगणातली बाज. हल्ली मात्र आपल्या संभाजीनगरातल्या कॅफेंच्या मेनूकार्डावर माचा लाटे नावाचा प्रकार दिसतो. पोपटी रंग, वर पांढरा फेस, आणि मोबाईलवर फोटो टाकल्याशिवाय कुणी पहिला घोट घेत नाही! काहींना तो फार आवडतो, काहींना त्याला गवताचा वास येतो.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात जपान म्हणजे दुसरं महायुद्ध आणि हिरोशिमा. इंजिनिअरिंगला आल्यावर जपान म्हणजे कायझेन, कानबान आणि टोयोटा. मधला जपान कुठे गेला, हा प्रश्न कधी पडलाच नाही. या हिरव्या पावडरीच्या नादाने वाचायला घेतलं आणि एक माणूस भेटला. सेन नो रिक्यू. चहा करणं हेच त्याचं काम. आणि त्या कामापायी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याला स्वतःचं पोट फाडून मरण पत्करावं लागलं. चहासाठी माणूस मरतो? ही गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

सुरुवात थोडी आपल्या जवळून करू. इथून शंभर-एक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथले भिक्षू जे ध्यान करत, तो ध्यान शब्द चीनमध्ये गेला आणि चान झाला, जपानमध्ये गेला आणि झेन झाला. रात्री ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना झोप आवरायची असे, म्हणून त्यांच्या मठांत चहा आला. (सबमिशनच्या आदल्या रात्री आपण तरी दुसरं काय करतो?) एइसाई नावाचा झेन भिक्षू 1191 साली चीनहून जपानला परतला तो चहाचं बी घेऊन, असं मानतात. त्या काळी चीनमध्ये चहाच्या पानांची पूड गरम पाण्यात घुसळून पीत. पुढे चीनने ही पद्धत सोडून दिली, जपानने ती जपली. तोच माचा.

रिक्यूचा जन्म 1522 सालचा, ओसाकाजवळच्या साकाई या बंदराच्या गावी. घराणं सरदारांचं नव्हतं, मासळीच्या वखारीवाल्यांचं होतं. साकाई म्हणजे व्यापाऱ्यांचं श्रीमंत शहर. पैसा होता आणि पैसा दाखवायची हौसही होती. चहाचं आमंत्रण म्हणजे चीनहून आणलेल्या महागड्या वाट्या, बरण्या, चित्रं यांचं प्रदर्शनच. एकेका बरणीसाठी सरदार लोक वाट्टेल ती किंमत मोजत. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात ना, साधारण तसं!

पोरवयातच रिक्यू चहा शिकू लागला. ताकेनो जोओ हे त्याचे गुरू. क्योतोच्या दाइतोकुजी मठात त्याने झेनची साधनाही केली. वाबी हा विचार त्याला या गुरुपरंपरेतून मिळाला. वाबी म्हणजे काय, हे एका शब्दात सांगता येत नाही. वस्तू साधी आहे, थोडी ओबडधोबड आहे, जुनी झाली आहे, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ती मनाला भिडते. शेणाने सारवलेल्या अंगणात ज्याला बरं वाटतं त्याला हे पटकन कळेल.

रिक्यूने हा विचार शेवटपर्यंत नेला. चीनच्या चकचकीत वाट्या त्याने बाजूला ठेवल्या. चोजिरो नावाच्या कौलं घडवणाऱ्या कारागिराकडून त्याने चाकाशिवाय, नुसत्या हाताने घडवलेल्या काळ्या आणि तांबूस वाट्या करून घेतल्या. फुलदाणी काय, तर बांबूचा तुकडा. आणि चहाची खोली? ती कमी कमी करत त्याने दोन चटयांवर आणली. क्योतो आणि ओसाका यांच्या मध्ये यामाझाकी इथे त्याची ताइआन नावाची खोली आजही उभी आहे. जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे ती. दोन तातामी चटया म्हणजे जेमतेम पस्तीस चौरस फूट. आपल्या हॉस्टेलची खोली त्यापुढे राजवाडाच म्हणायची!

खरी गंमत त्या खोलीच्या दारात आहे. दार म्हणजे भिंतीतली दोन-अडीच फुटांची चौकट. ताठ मानेने आत जाताच येत नाही. वाकून, गुडघ्यांवर सरपटत जावं लागतं. कमरेला तलवार असेल तर ती बाहेर खुंटीवर. सरदार असो, व्यापारी असो, सगळे त्याच भोकातून आत. दाट चहा असला की पाहुणे एकाच वाटीतून आळीपाळीने घोट घेत. ज्या काळात सामुराई नुसत्या संशयावरून माणूस कापत, त्या काळात ही खोली निघाली. मी याला डिझाईन म्हणते. भिंतीवर सूचनेचा एकही बोर्ड न लावता, नुसत्या दाराच्या मापाने माणसाला वाकायला लावायचं.

हे वाचताना मला आपल्याकडचं पंचहौद मिशनचं प्रकरण आठवलं. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या या मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा मंडळींपुढे चहा आला. त्यांची नावं छापून आली आणि केवढा गहजब! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. म्हणजे एका कपाने माणसं जवळही येतात आणि वाळीतही पडतात. चहा दिसतो तितका साधा नाही.

आता थोडं प्रॅक्टिकल. त्या खोलीत रिक्यू करायचा काय? पाणी तापवायचं, वाटीत पूड घालायची, पाणी ओतायचं, घुसळायचं, पाहुण्याला द्यायचं. बस्स. पण या प्रत्येक पायरीला कारण आहे. माचासाठी तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे चहाची झुडपं सावलीत झाकून ठेवतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि तुरटपणा कमी राहतो. मग पानं वाफवून, वाळवून, देठ आणि शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. पूड इतकी बारीक की बोटांत धरली तर पिठीसाखरेपेक्षा मऊ लागते. ही पूड पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. आपल्या भाषेत सस्पेन्शन. म्हणून तो ढवळायचा नाही, घुसळायचा, आणि खाली बसायच्या आत प्यायचा.

घरी मलईदार माचा लाटे करायचा तर हेच नियम लागू पडतात. (हॉस्टेलवर केटल चालते की नाही, हे वॉर्डन मॅडमना विचारा, मी त्यात पडत नाही!) एक छोटा चमचा, म्हणजे साधारण 2 ग्रॅम पूड, चहाच्या गाळणीतून कपात चाळून घ्या. चाळली नाही तर गुठळ्या होतात आणि त्या मग काही केल्या मोडत नाहीत. साखर हवी असेल तर आत्ताच घाला. पाणी उकळलं की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, कारण ते 75 ते 80 अंशांच्या आसपास हवं. उकळतं पाणी ओतलं की चहा कडू झालाच समजा. अर्धी वाटी पाणी पुरे. जपानी लोक बांबूच्या एकाच तुकड्यातून चिरून केलेल्या कुंचल्याने घुसळतात. आपल्याकडे ताकाची छोटी रवी असतेच. मनगट सैल सोडून, वर बारीक फेस येईपर्यंत घुसळायचं. दूध म्हशीचं किंवा फुल क्रीम, एक कपभर. वाफा येऊ लागल्या की उतरवा, उकळी येऊ देऊ नका, साय धरली की मऊपणा गेला. तेही रवीने घुसळून फेस आणा आणि कपाच्या कडेने हळू ओता. आधी दूध, मग फेस. झाला लाटे. रिक्यूच्या चहात अर्थात दूधही नव्हतं आणि साखरही नव्हती. त्याने आपल्या कपाकडे बघून काय केलं असतं, देव जाणे!

असो. पुन्हा गोष्टीकडे. रिक्यूचं नाव झालं आणि सत्तेचं बोलावणं आलं. आधी ओदा नोबुनागा, आणि 1582 मध्ये तो मारला गेल्यावर तोयोतोमी हिदेयोशी. हिदेयोशी म्हणजे गरीब घरातून, साध्या शिपायापासून वर चढून सगळ्या जपानचा धनी झालेला माणूस. 1585 मध्ये त्याने सम्राटासमोर चहा केला तेव्हा मदतीला हा वखारीवाल्याचा मुलगा होता. सामान्य माणसाला राजवाड्यात प्रवेश नव्हता, म्हणून सम्राटाकडून त्याला खास नाव मिळालं. ते नाव रिक्यू. म्हणजे ज्या नावाने आपण त्याला ओळखतो ते त्याला साठी ओलांडल्यावर मिळालं.

पण या दोघांचं जमावं कसं? हिदेयोशीने सोन्याची चहाची खोली करवून घेतली. भिंती सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या, भांडी सोन्याची, सुटी करून कुठेही नेता येईल अशी. 1586 मध्ये ती थेट राजवाड्यात नेऊन मांडली. 1587 मध्ये क्योतोला कितानो इथे त्याने प्रचंड चहामेळा भरवला. शेतकरी असो की शिपाई, किटली आणि वाटी घेऊन कुणीही यावं, चहा नसेल तर भाजलेल्या पिठाचं पाणी चालेल, अशी दवंडी. या सगळ्यात रिक्यू सामील होता. तो काही जगापासून दूर बसलेला साधू नव्हता. दरबारात त्याचं वजन होतं, मोठमोठे सरदार त्याच्या शब्दाला किंमत देत.

एक गोष्ट सांगतात. रिक्यूच्या बागेत मॉर्निंग ग्लोरीच्या वेलीला सुंदर फुलं आली आहेत, हे हिदेयोशीच्या कानावर गेलं. तो पहाटे बघायला आला, तर बागेत एकही फूल नाही. सगळी खुडलेली! चिडून तो त्या बुटक्या दारातून वाकून आत शिरला, तर समोर एकाच भांड्यात एकच फूल. हजार फुलं बघून माणूस पुढे निघून जातो, एक फूल मात्र तो खरंच बघतो. गोष्ट गोड आहे. पण मला त्यात धोकाही दिसतो. ज्याच्यापुढे सगळा देश वाकतो, त्या माणसाला इथे वाकावं लागतंय, आणि त्याच्या सोन्यापुढे कुणीतरी एक फूल ठेवतंय.

1590 मध्ये ओदावाराच्या वेढ्याच्या वेळी हिदेयोशीने रिक्यूचा शिष्य यामानोउए सोजी याला ठार करवलं. त्याच मोहिमेत रिक्यूने बांबू कापून केलेली फुलदाणी आजही जपून ठेवलेली आहे. 1591 च्या सुरुवातीला हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा वारला. दरबारात रिक्यूची बाजू घेणारा तोच होता. मग आरोप आले. दाइतोकुजी मठाच्या दरवाजाचा वरचा मजला रिक्यूच्या पैशांतून बांधला होता आणि मठाने कृतज्ञतेने तिथे त्याचा लाकडी पुतळा बसवला होता. म्हणजे हिदेयोशी त्या दरवाजातून गेला तर रिक्यूच्या पायाखालून जाणार! दुसरा आरोप, चहाची भांडी चढ्या भावाने विकल्याचा. खरं कारण कोणतं, यावर इतिहासकार आजही भांडतात.

त्याला आधी साकाईला धाडलं. हितचिंतकांनी माफी मागायचा सल्ला दिला, असं सांगतात. त्याने मागितली नाही. पुन्हा क्योतोला बोलावणं आलं आणि 21 एप्रिल 1591 रोजी, हुकमाप्रमाणे, त्याने आपल्या हाताने आयुष्य संपवलं. पुतळ्यालाही सोडलं नाही, तोही चव्हाट्यावर खांबाला बांधून उभा केला.

मला वाटलं होतं गोष्ट इथे संपेल. पण नाही. काही वर्षांनी हिदेयोशीनेच रिक्यूच्या घराण्याला परत उभं राहू दिलं. नातू सोतान याच्या तीन मुलांपासून तीन घराणी निघाली: ओमोतेसेन्के, उरासेन्के, मुशाकोजीसेन्के. सव्वाचारशे वर्षांनंतरही ती चहा शिकवतात. हिदेयोशीची मूळ सोन्याची खोली मात्र नष्ट झाली. उरल्या त्या प्रतिकृती. मातीच्या भिंतींची, दोन चटयांची ताइआन मात्र शाबूत आहे.

आपण इंजिनिअर होणार. प्रोजेक्टमध्ये काय काय घालता येईल याची यादी आपण लगेच करतो, काय काढता येईल हे कुणी विचारत नाही. रिक्यूने आयुष्यभर काढून टाकण्याचंच काम केलं. सोनं काढलं, चित्रं काढली, जागा काढली, दारही लहान केलं. शेवटी उरलं पाणी, पूड, वाटी आणि समोरचा माणूस. त्याच्यापुढे राजा आला तरी त्याने त्या दाराचं माप वाढवलं नाही.

माफी मागून तो कदाचित आणखी काही वर्षं जगला असता. त्याने मागायला हवी होती का? आमच्या रूमवर यावर दोन तट पडले आणि वाद अजून मिटलेला नाही. तुमचं काय मत?