बोधकथाकार आबे ओबेर

फ्रान्समधील बोधकथा म्हटल्या की ला फोंतेन हेच नाव पुढे येते. १६७८ साली आपल्या दुसऱ्या संग्रहात त्यांनी पिल्पे नावाच्या भारतीय ऋषीचे ऋण मान्य केले. म्हणजे आपल्या पंचतंत्रातील प्राणी तिथवर पोचले होते! अशा थोर कवीनंतर त्याच वाटेने जाण्याचे धाडस आबे जाँ-लुई ओबेर यांनी केले.

ओबेर यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३१ रोजी पॅरिस येथे झाला. वडील जाक ओबेर हे नावाजलेले व्हायोलिनवादक व संगीतकार. मुलाने मात्र धर्मसेवकाचा झगा पत्करला. त्या काळी फ्रान्समध्ये झगा घालणाऱ्या कोणालाही ‘आबे’ म्हणत, मग त्याच्याकडे धर्मग्राम असो वा नसो. कित्येक आबे लेखणीवरच पोट भरीत.

१७५६ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांच्या पद्य बोधकथांचे पुस्तक निघाले. चर्चवर सतत कोरडे ओढणाऱ्या व्होल्तेरनेही त्या कथा वाखाणल्या.

त्याच सुमारास ते पॅरिसच्या जाहिरातपत्रात लिहीत होते. घर विकणे आहे, वस्तू हरवली आहे, अशा सूचनांच्या शेजारी ओबेर नव्या पुस्तकांवर मत देत. बोधकथेत माणसाचा दोष कोल्ह्याच्या माथी मारता येतो. परीक्षणात लेखकाचे नाव घ्यावेच लागते, आणि नाव घेतले की माणसे दुखावतात. ओबेर यांनी ते काम वर्षानुवर्षे केले.

येशूसंघीय धर्मगुरूंनी १७०१ पासून त्रेवू येथील एक विद्वत्तापूर्ण नियतकालिक चालवले होते. १७६४ साली राजाज्ञेने फ्रान्समधील येशूसंघ बरखास्त झाला. हातोहाती फिरलेले ते नियतकालिक १७६८ साली ओबेर यांनी सांभाळायला घेतले आणि नव्या नावाने चालू ठेवले. मला त्यांचे हे काम बोधकथांहून मोठे वाटते.

१७७३ साली पॅरिसच्या राजकीय महाविद्यालयात त्यांच्यासाठी फ्रेंच साहित्याचे अध्यासन निर्माण झाले. पुढच्याच वर्षी ‘गॅझेट द फ्रान्स’ या सरकारी बातमीपत्राची सूत्रे त्यांच्याकडे आली. दुसऱ्यांची पुस्तके बेधडक तपासणारी लेखणी आता दरबाराला रुचेल तेच छापू लागली. हे त्यांना कसे पचले असेल, कोण जाणे!

१७८६ साली त्यांनी ते पद सोडले. तीनच वर्षांनी क्रांती झाली. १० नोव्हेंबर १८१४ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. ला फोंतेन यांच्या कथा फ्रेंच मुले आजही पाठ करतात. ओबेर यांच्या कथा जुन्या ग्रंथालयांत शोधाव्या लागतात.