भाषेच्या वर्गाचे शिल्पकार : यान आमोस कोमेनियस

घंटा वाजते, मुलें आपापल्या बांकावर बसतात, हजेरी होते आणि सर्वांच्या हातीं एकच पुस्तक असून एकाच पानावरून धडा सुरू होतो. शिक्षक प्रश्न विचारतात, एकजण उत्तर देतो, बाकीचे ऐकतात. मग शुद्धलेखन, मग त्याची तपासणी. हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो कोणीतरी विचारपूर्वक बसविला असेल हें आपल्या मनांतही येत नाहीं. परंतु एके काळीं शाळेंत असा क्रम क्वचितच आढळे. एकाच दालनांत लहानथोर विद्यार्थी दाटीवाटीनें बसत. प्रत्येकाचें पुस्तक निराळें, पाठ निराळा, आणि छडी मात्र सर्वांना समान असे. ही स्थिति पालटावी म्हणून ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्यांत यान आमोस कोमेन्स्की यांचें नांव अग्रगण्य आहे. कोमेनियस या लॅटिन नांवानें ते जगाला परिचित आहेत.

त्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजीं मध्य युरोपांतील मोराव्हिया प्रांतांत झाला. हा प्रांत आज चेक देशांत मोडतो. घरची स्थिति बरी होती. परंतु बालपणाचें सुख फार दिवस लाभलें नाहीं. मुलगा दहा वर्षांचा असतांना वडील वारले आणि पुढें दोन वर्षांच्या आंतच आई व दोन बहिणीही गेल्या. पोरका मुलगा आत्याच्या आश्रयास गेला. तों १६०५ सालीं तें गांवही शत्रुसैन्यानें जाळलें. या धामधुमींत शिक्षणाची हेळसांड झाली आणि लॅटिन शाळेंत पाऊल टाकण्यास सोळावें वर्ष उजाडलें.

त्या काळीं लॅटिन ही विद्येची एकमेव किल्ली समजली जात असे. धर्म, कायदा, वैद्यक, कोणताही ग्रंथ वाचावयाचा तर लॅटिन आलेंच पाहिजे. आणि ती शिकविण्याची रीत तरी कशी? जी भाषा मुलाला मुळींच येत नाहीं, त्याच भाषेंत लिहिलेले व्याकरणाचे नियम त्यानें आधीं तोंडपाठ करावयाचे. अर्थ कळो वा न कळो, पाठ चुकला कीं छडी ठरलेली. लहान मुलें हें मुकाट्यानें सोसत, कारण याहून निराळें कांहीं असूं शकतें हें त्यांना ठाऊकच नव्हतें. परंतु सोळा वर्षांच्या या विद्यार्थ्याला जाणती दृष्टि आलेली होती. दोष मुलांच्या बुद्धींत नसून पद्धतींत आहे, हें त्याच्या लक्षांत आलें. उशिरा शाळेंत जाणें हें दुर्दैवच खरें. पण त्या दुर्दैवानेंच पुढच्या अनेक पिढ्यांचें भाग्य उघडलें.

पुढें जर्मनींत हर्बॉर्न व हायडेलबर्ग येथें अध्ययन करून १६१४ सालीं ते मायदेशीं परतले आणि ज्या प्रेरोव गांवच्या शाळेंत आपण शिकलों, तेथेंच शिक्षक झाले. मुलांचा त्रास कमी व्हावा म्हणून त्यांनीं तेथें लॅटिनचें एक सोपें व्याकरण रचिलें. १६१६ सालीं बोहेमियन बंधुसंघानें त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा दिली आणि दोन वर्षांनीं फुलनेक गांवचें उपासनामंदिर व शाळा यांचा भार त्यांच्याकडे आला.

त्याच वर्षीं, म्हणजे १६१८ सालीं, युरोपांत तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटला. १६२० च्या नोव्हेंबरांत प्राग शहराजवळच्या लढाईंत त्यांच्या पक्षाचा पराभव झाला. पुढील वर्षीं फुलनेक लुटलें गेलें आणि कोमेनियस यांना लपतछपत फिरावें लागलें. १६२२ सालीं प्लेगच्या सांथींत त्यांची तरुण पत्नी व दोन्ही लहान मुलें दगावलीं. शेवटीं, धर्ममतासाठीं छळ असह्य झाल्यानें, १६२८ सालीं आपल्या बांधवांसह त्यांनीं जन्मभूमि सोडली व पोलंडमधील लेष्नो नगराचा आश्रय घेतला. मायदेशाचें दर्शन त्यांना पुन्हां कधींच घडलें नाहीं.

ज्याचें घर गेलें, कुटुंब गेलें, देश गेला, त्यानें शाळेचा विचार करीत बसावें हें आश्चर्य नव्हे काय? परंतु कोमेनियस यांची धारणा अशी होती कीं, मोडलेलें राष्ट्र पुन्हां उभारावयाचें तर प्रारंभ मुलांपासूनच केला पाहिजे. लेष्नो येथील विद्यालयांत ते शिकवूं लागले आणि १६३१ सालीं त्यांचें ‘भाषांचें उघडलेलें द्वार’ या अर्थाच्या नांवाचें लॅटिन पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत शंभर प्रकरणें व एक हजार वाक्यें असून सुमारे आठ हजार शब्द गुंफलेले होते. सृष्टि, प्राणी, मनुष्यदेह, घर, शेती, कारागिरी, सदाचार असे विषय क्रमानें घेतलेले. प्रारंभीं लहान वाक्यें, पुढें मोठीं. आणि लॅटिनच्या शेजारीं मुलांच्या बोलीचें वाक्य. शब्द शिकावयाचा तो वस्तूसह, नियम शिकावयाचा तो उदाहरणानंतर, हें त्याचें सूत्र. थोड्याच वर्षांत हें पुस्तक युरोपच्या बहुतेक प्रमुख भाषांत गेलें. तरीही तें नवशिक्यांना जड जातें असें आढळून येतांच, १६३३ सालीं सुमारे एक हजार शब्दांचें त्याहून सोपें पुस्तक त्यांनीं काढलें. द्वाराच्या आधीं हा जणूं उंबरठा.

याच काळांत त्यांनीं आपला शिक्षणशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रथम चेक भाषेंत लिहिला. त्याचें लॅटिन रूप १६५७ सालीं छापलें गेलें. श्रीमंत व गरीब, मुलगे व मुली, सर्वांना शाळा खुली असावी, असें त्यांत प्रतिपादन आहे. सहा ते बारा या वयांत मुलानें मातृभाषेच्या शाळेंत शिकावें आणि त्यानंतरच लॅटिनकडे वळावें, हा त्यांचा आग्रह. ज्याला स्वतःच्या भाषेंत विचार मांडतां येत नाहीं, त्याला परभाषेंत तो कसा साधेल? प्रत्येक वर्षाचा एक वर्ग, प्रत्येक वर्गाचें एक पुस्तक आणि दिवसाचे चारच तास अध्ययनाचे, दोन सकाळीं व दोन दुपारीं, अशी आंखणी त्यांनीं मातृभाषेच्या शाळेसाठीं केली.

वर्गांतील बारीकसारीक गोष्टीही त्यांनीं सोडल्या नाहींत. शिक्षकानें उंच जागीं उभें राहून सर्वांवर नजर ठेवावी. नवा विषय काढतांना तो कां शिकावयाचा हें आधीं सांगावें, म्हणजे मन तयार होतें. बोलतां बोलतां मध्येंच थांबून एकाद्याला, आतां काय सांगितलें, असें विचारावें. त्याला उत्तर आलें नाहीं तर प्रश्न पुन्हां न उच्चारतां दुसऱ्याला, मग तिसऱ्याला विचारावें. म्हणजे आपली पाळी केव्हां येईल या जाणिवेनें सर्वच सावध राहतात. धडा संपल्यावर मुलांनाही शंका विचारण्याची मोकळीक असावी. वर्गाचे दहा दहा मुलांचे गट करून प्रत्येकावर एक नायक नेमावा. आपल्या गटाची तयारी झाली कीं नाहीं हें त्यानें पाहावें.

लेखनाच्या तपासणीची रीत तर विशेष मनोवेधक आहे. एका मुलानें उभें राहून दुसऱ्यास आव्हान द्यावें. आव्हान मिळालेल्यानें आपला लेख एकेक वाक्य करून मोठ्यानें वाचावा. प्रतिस्पर्ध्यानें चुका दाखवाव्या, मग गटांतील सोबत्यांनीं, मग सर्व वर्गानें, आणि अखेरीस शिक्षकानें. इतर मुलांनीं त्याच वेळीं आपापल्या वहींत तीच चूक असल्यास सुधारून घ्यावी. अशा रीतीनें शंभर वह्या शिक्षकाला एकट्यानें तपासाव्या लागत नाहींत, आणि एकाच्या चुकीपासून शंभरजण शिकतात.

शिस्तीविषयींही त्यांचें मत स्पष्ट होतें. शिस्तीवांचून शाळा म्हणजे पाण्यावांचून गिरणी, असें ते मानीत. परंतु शिक्षा व्हावी ती उद्धटपणा, आळस व दुराचार यांसाठीं. अभ्यास जमला नाहीं म्हणून नव्हे. मूल शिकत नसेल तर शिकविणारानें प्रथम स्वतःची रीत तपासावी. वीणेची तार बेसूर लागली म्हणून कोणी तिच्यावर मूठ हाणीत नाहीं. हळुवार हातानें ती सुरांत आणतो.

त्यांची कीर्ति दूरवर पसरली. १६४१ सालीं ते निमंत्रणावरून लंडनला गेले. परंतु पुढील वर्षीं इंग्लंडांत यादवी युद्ध भडकल्यानें तो बेत फसला. नंतर स्वीडन देशासाठीं त्यांनीं कांहीं वर्षें शालेय पुस्तकें रचिलीं. १६५० सालीं हंगेरींतील शारोशपाटक येथील विद्यालय सुधारण्यासाठीं त्यांना बोलावणें आलें. तेथें सात वर्गांची आदर्श शाळा काढण्याचा त्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षांत तीनच वर्ग सुरू होऊं शकले. मुलें सुस्त, शिक्षक जुन्या चाकोरींतले. कोमेनियस यांनीं आळस शाळेंतून कसा घालवावा यावर पुस्तिका लिहिली आणि १६५३ सालीं सुव्यवस्थित शाळेचे नियम तयार केले. तरी नुसत्या नियमांनीं काम भागलें नाहीं, तेव्हां त्यांनीं निराळीच युक्ति योजिली. आपल्या पाठ्यपुस्तकाचीं त्यांनीं आठ नाटकें बनविलीं आणि मुलांकडून तीं रंगभूमीवर करविलीं. जीं वाक्यें पाठ करतांना जांभया येत, तींच आतां मुलें ऐटींत व शुद्ध उच्चारांनीं म्हणूं लागलीं. शाळेंत नाटकें नकोत म्हणून आधीं विरोध झाला होता; प्रयोग पाहिल्यावर तो मावळला.

१६५४ सालीं ते लेष्नोला परतले. दोनच वर्षांनीं, १६५६ च्या एप्रिलांत, स्वीडन व पोलंड यांच्या युद्धांत तें नगर जळून खाक झालें. त्या आगींत त्यांचें घर व ग्रंथ तर गेलेच. परंतु चाळीस वर्षांहून अधिक काळ शब्द शब्द वेंचून सिद्ध केलेला चेक भाषेचा कोशही भस्मसात् झाला. वय चौसष्ट. एवढ्या आघातानें कोणीही खचला असता. कोमेनियस आम्स्टरडॅमला गेले, एका उदार आश्रयदात्याच्या घरीं राहिले आणि पुन्हां लेखणी हातीं घेतली.

१६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें त्यांचें ‘चित्रमय जग’ प्रसिद्ध झालें. यांत दीडशें पाठ असून पाठापाठाला चित्र आहे. चित्रांतील वस्तूंना अंक दिलेले आणि तेच अंक शेजारच्या लॅटिन व जर्मन शब्दांना. मूळाक्षरेंही प्राण्यांच्या आवाजांवरून शिकविलेलीं : कावळ्याच्या ओरडण्यावरून एक स्वर, कोंकराच्या बेंबें वरून एक व्यंजन. एका पाठांत खुद्द शाळेचेंच चित्र आहे. कोणी लिहीत आहे, कोणी पाठ म्हणत आहे, आणि कोणी गप्पा मारून शिक्षेस पात्र होत आहे! पुढील वर्षींच याचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि पुढें कितीतरी पिढ्या या पुस्तकावर वाचावयास शिकल्या. आज आपल्या बालबोध पुस्तकांत चित्र व शब्द शेजारीं शेजारीं दिसतात, त्या परंपरेचें हें एक मोठें मूळ होय.

१५ नोव्हेंबर १६७० रोजीं आम्स्टरडॅम येथें त्यांचें देहावसान झालें. नार्डेन गांवीं त्यांची समाधि आहे. ज्या देशानें त्यांना थारा दिला नाहीं, त्याच देशांत आज त्यांचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थिमित्रहो, वर्गाचे नियम कित्येकदां आपल्याला जाचक वाटतात. वेळेवर यावें, दुसरा वाचीत असतांना लक्ष द्यावें, चूक दाखविली तर राग न मानतां सुधारावी, हें कशासाठीं, असें मनांत येतें. ज्यानें हे नियम सांगितले, त्याचें स्वतःचें जीवन कोणत्याही नियमांत बसूं शकलें नाहीं. युद्धानें त्याला गांवोगांव फिरविलें. म्हणूनच शांतपणें चाललेल्या एका तासाचें मोल त्याला कळलें होतें. आणि पालकांनींही एवढें ध्यानांत घ्यावें कीं, मूल पाठ चुकलें असतां हात उगारण्यापूर्वीं तार कोठें ढिली पडली आहे हें पाहणें अधिक हिताचें. नियम कडक असावे, पण शिकविणाराचा हात हळुवार असावा. कोमेनियस यांच्या सर्व परिश्रमांचें सार एवढेंच आहे.