आधी स्वतःला टोचून घेणारा हाफकिन



मिस्सा संपल्यावर मी दाराशी उभा असतो, तेव्हा तरुण आईवडील बाळाला आशीर्वादासाठी पुढे करतात. त्यांच्यापैकी एखादे जोडपे हळूच विचारते, की एवढ्या सगळ्या लसी खरोखर द्यायलाच हव्यात का, बाळाला अपाय तर होणार नाही ना. मी वैद्य नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, त्यात जंतूंचा धडा नव्हता. पण हा प्रश्न ज्याला आयुष्यभर पुरला, अशा एका माणसाची गोष्ट मला ठाऊक आहे. मुंबईत परळला ज्याच्या नावाची संस्था आहे, तो वाल्देमार हाफकिन.

त्याचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्रात तो हुशार निघाला. परंतु रशियात विद्यापीठातील जागा हवी असेल तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्हावे लागेल, अशी अट पुढे आली. ती त्याने नाकारली. (प्रभूच्या नावाने घातलेली ही अट वाचताना मला तरी शरम वाटते.) मग तो पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेला आणि मिळाली ती ग्रंथपालाची नोकरी त्याने पत्करली. उरलेल्या वेळात पटकीवर संशोधन केले आणि १८ जुलै १८९२ रोजी आपली लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढच्या वर्षी तो कलकत्त्यास आला व तेथील वस्त्यांमधून लोकांना समजावून, त्यांच्या संमतीने लस देऊ लागला.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेगने घर केले. हाफकिनला तिकडे बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मिळाले. मांसाच्या सुपावर त्याने तुपाचे थेंब तरंगत ठेवले. होय, आपले घरचे तूप! त्या थेंबांना लोंबकळत प्लेगचे जंतू भराभर वाढत. मग ते तापवून मारायचे आणि त्या मेलेल्या जंतूंची लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. ताप भरला, वेदना झाल्या, पण तो काम करीत राहिला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला. सुमारे निम्मे कैदी स्वखुशीने पुढे आले. त्यांतील काहींच्या अंगात रोग आधीच भिनलेला होता; ते लगेच दगावले. कोणीही म्हणाले असते, की सुईनेच मेले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, की आपण कावळ्यालाच धरतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला हीच चूक टाळायला शिकवत. हाफकिनने मात्र वाद घातला नाही, दोन्ही गटांची नोंद ठेवली. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ गेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

हे मुंबईत चालले असताना आपल्या पुण्यात काय चालले होते? रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर पेठापेठांतून घरे तपासत होते. देवघर, माजघर काही पाहत नव्हते. लोक आजारी माणसाला लपवू लागले. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या, आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. ज्या सरकारचा शिपाई दार फोडतो, त्याच सरकारची सुई लोकांना औषध कशी वाटावी? सदाशिव पेठेतील आपल्या पूर्वजांना मी याबद्दल दोष देऊ शकत नाही.

हाफकिनची खरी कसोटी पुढेच होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना त्याची लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. ही कावळ्या-फांदीची गाठ नव्हती. ते त्या टोचण्यानेच मेले, हे कोणी नाकारले नाही. हाफकिनला दूर करण्यात आले. त्याने लस निर्जंतुक करण्याची रीत बदलली होती, त्यावर बोट ठेवण्यात आले. पण त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या आणि सर्व १९ जण एकाच बाटलीचे होते. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला, असे चौकशीत निघाले. तरी डाग धुऊन निघायला १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठे सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतले. तो परत आला. पण परळची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही.

१९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तो एकटाच, अविवाहित वारला.

मुल्कोवालच्या लोकांना ज्या धनुर्वाताने नेले, त्याचीच लस आज आपल्या बाळांना सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते, तीही सरकारी लसीकरणात मोफत. सुई एकदाच वापरता येईल अशीच बनवलेली असते. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात, ते उगीच नाही. घाई करून निघू नका. एकदोन दिवस थोडा ताप किंवा दंड-मांडीला सूज येते. ताप उतरला नाही किंवा बाळ वेगळेच वाटले, तर डॉक्टरांकडे न्यावे. आणि घरातले लसीकरणाचे कार्ड शोधून पाहावे. एखादी तारीख चुकली असली, तरी बहुतेक लसी पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत. राहिलेल्या तेवढ्याच पूर्ण करता येतात.