सायकल दुरुस्त करणारे लक्ष्मणराव

किर्लोस्कर हे नाव आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चिखली म्हणा, मेहकर म्हणा, मलकापूर म्हणा, विहिरीवरच्या पंपावर नाहीतर गोठ्यात पडलेल्या जुन्या डिझेल इंजिनवर ते कुठंतरी दिसतंच. पण या नावामागच्या माणसाने धंद्याची सुरुवात सायकली विकण्यापासून आणि दुरुस्त करण्यापासून केली, हे मेकॅनिकलच्या मुलांनाही फारसं माहीत नसतं. कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत आम्हाला जेम्स वॅट आणि त्याची किटली भेटली, लक्ष्मणराव किर्लोस्कर काही भेटले नाहीत. म्हणून हा लेख.

आणखी एक कारण आहे. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये आपला नेहमीचा वाद चालतो : गाडी गॅरेजवाल्याकडे टाकायची की स्वतः खोलायची? एक पार्टी म्हणते, सबमिशन सोडून ऑईलने हात कशाला काळे करायचे, पैसे फेका आणि मोकळे व्हा. दुसरी पार्टी प्लग काढून कानसने साफ करत बसलेली असते. दोन्ही पार्ट्यांनी लक्ष्मणरावांचं आयुष्य जरा बघावं असं मला वाटतं.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. मुलाचं मात्र शाळेत मन रमेना. त्याला दोनच नाद, चित्रं काढणं आणि यंत्रं बघणं. 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. तिथं साधारण दोन वर्षांनी ध्यानात आलं की याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत! चित्रकार होणाऱ्याला यापेक्षा मोठा धक्का कुठला? पण यंत्राच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. लक्ष्मणराव तिकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, मेकॅनिकल ड्रॉइंगचे शिक्षक झाले. फळ्यावर ड्रॉइंग शिकवून हा माणूस थांबला नाही. मुंबईतच यंत्रांची प्रत्यक्ष माहिती त्यांनी हाताने करून घेतली.

याच काळात सायकल आली. आज आपल्याला गंमत वाटेल, पण 1888 मध्ये सायकल म्हणजे आजची इम्पोर्टेड कारच. हवेच्या टायरचं पेटंट डनलॉपने त्याच वर्षी घेतलं, यावरून काळ ध्यानात घ्या. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे. तिथं त्यांचे मोठे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हाचं.

1897 मध्ये व्हीजेटीआयमध्ये त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली. ते हिंदी माणूस होते, ती जागा गोऱ्या रक्ताच्या माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि सरळ बेळगाव गाठलं. आता ते आणि सायकलचं दुकान. विकायचं आणि दुरुस्तही करायचं. विचार करा, बेळगावात एखाद्या वकील साहेबांची सायकल बंद पडली तर ते जाणार कुठं? चौकात पंक्चरवाला नव्हता. सुताराने, लोहाराने असली वस्तू आधी पाहिलेली नव्हती. मेकॅनिकला पैसे द्यायचे की स्वतः करायचं हा प्रश्नच त्या वेळी नव्हता, कारण मेकॅनिकच नव्हता. ज्याने वस्तू गावात आणली त्यालाच ती उघडता आली पाहिजे. मला वाटतं, पुढच्या सगळ्या कारखान्याचं बी इथं पडलं.

दुकानात भर पडत गेली. पवनचक्क्या विकून झाल्या, मग कडबा कापायचं यंत्र स्वतःच बनवलं. 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार झाला आणि गाडी अडली. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! लोखंडाने जमिनीला विषबाधा होते असं शेतकरी म्हणत.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक शेतकऱ्याला हसतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने बघा ना. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता, फाळ बोथट झाला तर लोहार तो भट्टीत तापवून ठोकून द्यायचा. त्याचे रोख पैसे नव्हते, सुगीला बलुतं द्यायचं. आजच्या भाषेत वर्षाची एएमसी, आणि सर्व्हिस स्टेशन वेशीच्या आत! नवीन नांगराचे भाग मात्र बिडाचे. बिडात कार्बन जास्त, म्हणून ते कडक असतं आणि ठिसूळही. लोहाराने त्यावर घण मारला तर ते वाकत नाही, फुटतं. म्हणजे नांगर घेतला की गावचा मेकॅनिक बाद झाला. मोडलं तर काय, हा प्रश्न ज्याला पडतो तो अडाणी कसा? मी तर म्हणेन तो मेंटेनन्सचा पहिला प्रश्न आहे.

त्याचं उत्तर भाषणाने मिळण्यासारखं नव्हतं, ते नांगरातच होतं. लोखंडी नांगराचा झिजणारा फाळ वेगळा असतो आणि नट-बोल्टने बसतो. पान्हा हातात घेतला की शेतकरी बांधावर बसून जुना फाळ काढतो आणि नवा लावतो. लोहाराकडची खेप वाचते, पण सुटा भाग मिळाला पाहिजे आणि तो तंतोतंत बसला पाहिजे. इथं ड्रॉइंग शिकवणारा माणूस कामी येतो. आपण फर्स्ट इयरला शिव्या घालत टॉलरन्स शिकतो, तो कशासाठी असतो हे मला या नांगरावरून कळलं.

पुढे बेळगाव नगरपालिकेने वस्तीवाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधी लक्ष्मणरावांना मंदिराच्या सभामंडपाचं काम दिलं, आणि मग कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये कर्ज. 10 मार्च 1910 ला किर्लोस्करवाडी सुरू झाली. जागा कसली, निवडुंग आणि साप! त्या माळावर पंचवीसेक कामगार आपली कुटुंबं घेऊन राहायला आले. लक्ष्मणरावांनी वाडीत शिवाशिव पाळू दिली नाही.

आता जे सगळं स्वतः करा म्हणतात त्या पार्टीसाठी. लक्ष्मणरावांनी सगळं स्वतः केलं नाही. यंत्रं शंभूअण्णा जांभेकरांच्या हातात दिली. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. शिक्षणात नापास झालेल्या अनंतराव फळणीकरांचं डोकं यंत्रात चालतं हे ओळखून त्यांना त्या कामाला लावलं. राखणीला तर दरोड्याची शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग होते. काम दुसऱ्याला द्यायला ते कधी भ्याले नाहीत, कारण काम काय आहे हे त्यांना माहीत होतं. गॅरेजवाला अख्खा क्लच गेला म्हणतो आणि आपण मान हलवतो, तिथं आपली गोची नेमकी हीच आहे. पैसे देण्यात कमीपणा नाही, पण क्लच कुठं असतो हे तरी ठाऊक हवं ना!

1914 च्या महायुद्धात परदेशी माल यायचा बंद झाला. ज्यांच्याकडे विलायती नांगर होते त्यांचे सुटे भागही अडले. किर्लोस्करवाडीच्या नांगरांना मागणी वाढली, मात्र कच्चं लोखंड मिळवताना दमछाक झाली. 1920 मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये मेकॅनिकल शिकून 1926 मध्ये परतले. पंप, उसाचे चरक असं करत कारखाना वाढत गेला आणि 1946 मध्ये पुण्यात ऑईल इंजिनची कंपनी निघाली.

ती इंजिनं आपल्याकडे आली आणि आपल्या शेतकऱ्यांनी ती शिकून घेतली. हँडल मारून चालू करणं, फिल्टर धुणं, डिझेलच्या नळीतली हवा काढणं हे ज्या आजोबांना जमतं त्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसतं. नोझल किंवा पंपाचं नाजूक काम आलं की ते तालुक्याला जातात. आपली गाडी मात्र वेगळ्या वळणावर आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. स्कॅनर नसेल तर गॅरेजवालाही अडतो. पण चेन तीच आहे, मधोमध साधारण 20 ते 30 मिमी ढिली ठेवायची. एअर फिल्टर, ब्रेक केबल, ऑईल, टायरची हवा यांना अजून स्कॅनर लागत नाही.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. 1969 मध्ये जन्मशताब्दीला त्यांचं टपाल तिकीट निघालं. कुंडल रोड स्टेशनची पाटीही बदलली, तिथं किर्लोस्करवाडी लिहिलंय. आपल्या शेगाववरून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस त्याच मार्गाने जाते.