तारेचे अंतरंग जाणणारा ऑलिव्हर हेव्हिसाइड

दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून आंतरजालाची जोडणी घेतलेली असली की तिची प्रकृती तपासण्याची एक रीत आहे. तंत्रज्ञ यंत्राला एका ओळीची आज्ञा देतो आणि पडद्यावर आकडे उमटतात. वाटेत संदेश किती डेसिबलांनी क्षीण झाला, गोंगाटावर तो किती वरचढ उरला, हे त्यांवरून कळते. तारेत संदेश का क्षीण होतो व का विस्कटतो, याचे गणित ज्या पुरुषाने मांडले त्याला हयातीत त्याचा मोबदला जवळजवळ मिळालाच नाही.

ऑलिव्हर हेव्हिसाइड यांचा जन्म 18 मे 1850 रोजी लंडनमध्ये एका गरीब कुटुंबात झाला. बालपणी लोहितांगज्वर आला आणि त्यांना कायमचे कमी ऐकू येऊ लागले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. महाविद्यालयाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मावशीचे यजमान मात्र तारायंत्राचे प्रख्यात संशोधक चार्ल्स व्हीटस्टन. त्यांच्या ओळखीने 1868 मध्ये हा तरुण डेन्मार्कमध्ये तारबाबू झाला व पुढे न्यूकॅसल येथे आला. समुद्राच्या तळाशी पडलेली तार बिघडली तर ती डोळ्यांनी पाहता येत नाही. किनाऱ्यावर बसून तिचा रोध मोजायचा आणि त्यावरून दोष किती मैलांवर असावा हे ताडायचे, अशी ती विद्या. या कामात लागणाऱ्या व्हीटस्टनच्या सेतूवर त्यांनी 1873 मध्ये लिहिलेल्या निबंधाची मॅक्सवेल यांनी दखल घेतली.

त्याच वर्षी मॅक्सवेल यांचा विद्युत्-चुंबकत्वावरील ग्रंथ निघाला. त्या ग्रंथाने हेव्हिसाइड इतके झपाटले की 1874 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, नोकरी सोडून ते आईवडिलांच्या घरी येऊन अभ्यासाला बसले. त्यानंतर त्यांनी कोठेही नोकरी धरली नाही. मॅक्सवेल यांची समीकरणे आज ज्या चार सुटसुटीत रूपांत शिकवली जातात, ती रूपे मुख्यतः हेव्हिसाइड यांचीच.

आता मूळ मुद्दा. तारेला रोध असतो आणि ती विद्युत् साठवून धरते, एवढे विल्यम टॉमसन यांनी हिशेबात घेतले होते. हेव्हिसाइड यांनी त्यात आणखी दोन गोष्टी मिळवल्या: आवरणातून होणारी गळती आणि तारेचे प्रवर्तकत्व, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा तिचा गुण. मग दिसून आले की संदेशातील निरनिराळ्या कंपनसंख्यांचे अंश तारेत निरनिराळ्या प्रमाणात क्षीण होतात व निरनिराळ्या वेगाने जातात. म्हणून बोलणे विस्कटते. 1887 मध्ये त्यांनी सांगितले की या चार गुणांचे योग्य प्रमाण साधले, आणि त्यासाठी तारेचे प्रवर्तकत्व मुद्दाम वाढवले, तर बोलणे क्षीण होईल पण विस्कटणार नाही.

ब्रिटिश टपालखात्याचे प्रमुख विद्युत्-अभियंते विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलटे. प्रवर्तकत्व हाच त्यांच्या लेखी शत्रू होता. हेव्हिसाइड यांचे बंधू आर्थर त्याच खात्यात नोकरीस होते. दोघा भावांनी मिळून लिहिलेला निबंध प्रीस यांनी अडवला. त्याच वर्षी ‘इलेक्ट्रिशियन’ साप्ताहिकातील हेव्हिसाइड यांची लेखमालाही बंद पडली. प्रीस काही सामान्य मनुष्य नव्हते; पुढे मार्कोनींना आधार देणारे तेच. पण येथे अधिकारापुढे गणिताचे काही चालले नाही.

तारेवर ठराविक अंतराने वेटोळी बसवण्याची युक्ती अखेर अमेरिकेत फळाला आली. 1900 मध्ये तिचे एकस्व मायकेल प्यूपिन यांना मिळाले व पैसाही त्यांनाच. या वेटोळ्यांमुळे दूरचे बोलणे स्पष्ट झाले खरे, पण ती उच्च कंपनसंख्या अडवतात. म्हणून पुढे त्याच तारांवरून आंतरजाल आणताना ती काढून टाकावी लागली!

हेव्हिसाइड यांना 1891 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्या संस्थेने देऊ केलेली मदत त्यांनी भिक्षा समजून नाकारली. 1896 मध्ये वार्षिक 120 पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मात्र मित्रांच्या खटपटीने स्वीकारले. वातावरणात उंचावर विद्युत्-वाहक थर असावा, हा त्यांचा तर्क 1902 सालचा. अखेरची वर्षे टॉर्की येथे एकांतात, विक्षिप्तपणात व चणचणीत गेली. 1922 मध्ये पहिले फॅराडे पदक त्यांना देण्यात आले. 3 फेब्रुवारी 1925 रोजी त्यांचे निधन झाले आणि जवळच्या पेंटन गावी आईवडिलांशेजारी त्यांचे दफन झाले.