पक्षिमित्र डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमिदा बेगम यांनी या पोरक्या भाच्याला वाढविले.

लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा स्वतः शिकारी, पण त्यांनाही ती ओळखता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे मिलर्ड साहेबांनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटेही उघडून दाखविली. मुलाच्या प्रश्नाला कोणी इतका वेळ द्यावा, हे मला फार मोलाचे वाटते.

कॉलेजात मात्र त्यांचे मन रमले नाही. ते ब्रह्मदेशात घरच्या खाणव्यवसायात गेले, परत आले, मग प्राणिशास्त्र शिकले. तरी विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. श्ट्रेसमान यांच्याकडे शिकून आले, तो १९३० मध्ये ती जागाच बंद झालेली!

घरी बसण्याची वेळ आली, तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेले. तेथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांवर दिवसचे दिवस नजर ठेवली. नर घरटे अर्धे विणतो, मादीने पसंत केले तरच पुरे करतो आणि लगेच दुसरे बांधावयास घेतो, हे त्यांनी बारकाईने नोंदविले.

त्याच किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या खाडीकडे, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची पुष्कळ मंडळी जातात. त्या सुमारास कुरव आलेले असतात. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, अशा दोन जाती ओळखून पाहा. मात्र नावावर विसंबू नका. हिवाळी पिसाऱ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, कानामागे तेवढा गडद ठिपका. तपकिरी कुरव अंगाने थोराड, डोळा फिकट. तो उडाला की पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसतात. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी असते आणि टोकाला काळी किनार. कोवळ्या पक्ष्यात ते ठिपके नसतात, तेथे जाणकारही थबकतात. हा तपकिरी कुरव लडाखच्या उंच सरोवरांवर वीण करून समुद्रावर उतरतो.

असे पाहून ओळखण्याचे शास्त्र सामान्य माणसाच्या हाती आले ते सलीम अलींच्या १९४१ च्या सचित्र पुस्तकामुळे. पुढे डॉ. रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंड लिहिले (१९६८ ते १९७४). पदवी नसलेल्या या माणसाला अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. आंतरराष्ट्रीय गेट्टी पारितोषिकाचे पैसे त्यांनी सोसायटीला देऊन टाकले, त्याच सोसायटीला, जिथे लहानपणी ते चिमणी घेऊन गेले होते. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.