पंडिता रमाबाई
पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक व बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. आई लक्ष्मीबाई डोंगरे यांनी त्यांना संस्कृत शिकवले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे केडगाव (जिल्हा पुणे) येथील मुक्ती सदनात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. नव्या करारातील पौलाची बहुतेक पत्रे मुळात सामान्य श्रद्धावंतांच्या मंडळ्यांसाठी लिहिलेली होती. प्रचलित भाषांतरांची संस्कृतप्रचुर भाषा मात्र अल्पशिक्षित स्त्रियांना दुर्बोध होती. म्हणून स्वतः संस्कृतज्ञ असूनही रमाबाईंनी साधे शब्द योजले. छपाई सदनातील स्त्रियांनीच केली. १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाले. तरीही मृत्यूपूर्वी रमाबाईंनी अनुवाद पूर्णत्वास नेला.